दहाव्याचा कावळा आणि जपानचे राक्षस

१२ सप्टेंबर २०२५ ला 'डीमन स्लेयर' या मालिकेतला 'इन्फिनिटी कॅसल' भारतातल्या थिएटरांत लागला. जपानी ॲनिमेशनपट, अडीच तासांहून लांब, मूळ जपानीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूतही. भल्या सकाळचे खेळ लागले आणि भरलेसुद्धा. तेव्हापासून माझ्या ओळखीतले आईबाप एकच विचारतात: मुलं बघतात ते हे नेमकं काय आहे, आणि बघू द्यावं का?

मी पंधरा वर्षं या मालिका बघते आणि वाचते, म्हणून आमच्या घरात हा प्रश्न माझ्याकडे आला. नववीतल्या भाचीला घेऊन मी आणि ताई दोघी गेलो. पडद्यावर आकाझा नावाचा राक्षस होता. २०२० च्या चित्रपटात याच आकाझाने भाचीच्या सर्वांत लाडक्या पात्राला मारलं होतं, त्यामुळे तिचा त्याच्यावर जुना राग. आणि तरी शेवटी तीच हमसून रडत होती. आजूबाजूची पोरंही नाक ओढत होती. बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "मेला कोण, राक्षसच ना? मग रडताय कशाला?"

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला थिएटरपासून घरापर्यंतचा रस्ता पुरला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

## आधी दोन-तीन शब्द

जपानी चित्रकथेला 'मांगा' म्हणतात आणि पडद्यावरच्या जपानी ॲनिमेशनला 'ॲनिमे'. बहुतेक वेळा आधी मांगा येतो, गाजला की त्याचा ॲनिमे होतो. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणजे आपलं पुस्तक जिथे संपतं तिथे त्याचं पहिलं पान असतं.

आपल्याकडे 'कार्टून' म्हटलं की ते लहान मुलांचं, असं गृहीत धरतात. जपानमध्ये तसं नाही. तिथे मांगा मासिकांत आणि साप्ताहिकांत क्रमशः छापून येतो आणि मासिकं वाचकांनुसार वेगळी असतात. शाळकरी मुलग्यांची वेगळी, मुलींची वेगळी, नोकरी करणाऱ्या पुरुषांची वेगळी, प्रौढ स्त्रियांची वेगळी. आपल्या दिवाळी अंकांच्या टेबलावर 'किशोर'शेजारी भयकथांचा अंक असतो, पण आपण तो पाचवीतल्या मुलाच्या हातात देत नाही. तसंच हे. दोन्हींत चित्रं असली तरी दोन्ही एकाच वयासाठी नसतात.

जपानी लोककथांतल्या भुताखेतांना, चकव्यांना, झाडापाण्यात राहणाऱ्या अदृश्य रहिवाशांना मिळून 'योकाई' म्हणतात. हा शब्द पुढे लागेल. बाकीची परिभाषा नाही आली तरी चालेल.

## कावळा का शिवत नाही

आता मुख्य मुद्दा. तो मराठी माणसाला समजावायला मला जपानला जावं लागत नाही, नदीच्या घाटावर गेलं तरी पुरतं.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की घाटावरचं वातावरण कसं बदलतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्या आजोबांच्या वेळी अर्धा तास कावळे समोरच्या झाडावर बसून होते. कुणी म्हणालं, घराची चिंता असेल. मामा पुढे होऊन म्हणाला, घर विकणार नाही. काही नाही. कुणी म्हणालं, गाईची काळजी असेल. तेही बोलून झालं. शेवटी माझी मोठी मावशी, जी आजोबांशी चार वर्षं बोलत नव्हती, पुढे आली आणि म्हणाली, "अण्णा, माझा राग नाही आता." त्यानंतर कावळा आला. त्याला भूक लागली म्हणून आला असेल, असं आज मला वाटतं. पण त्या अर्ध्या तासात आमच्या घरात जे बोललं गेलं, ते त्याआधी चार वर्षांत बोललं गेलं नव्हतं.

या विधीत एक विचार आहे. मेलेल्या माणसाचं काहीतरी अडकलंय, ते काय आहे ते जिवंतांनी ओळखायचंय, आणि ओळखून मोठ्याने कबूल केल्याशिवाय सुटका नाही. मंत्र म्हणून किंवा दगड मारून कावळा येत नाही.

जपानी भुताखेतांच्या चांगल्या मालिका याच विचारावर उभ्या आहेत. तिथलं भूत म्हणजे कुणीतरी न ऐकलेलं दुःख, राग, शरम किंवा हाव. त्याला नुसतं मारून भागत नाही, आधी त्याचं काय अडकलंय ते कळावं लागतं. आकाझासाठी भाची रडली ती यामुळे. (पुढच्या परिच्छेदात चित्रपटाची गोष्ट उघड होते. बघायचा असेल तर तेवढा भाग सोडा.)

आकाझाच्या अंगावर निळे पट्टे असतात. इतके भाग बघताना ते राक्षसी नक्षीकाम वाटतं. या चित्रपटात कळतं की तो माणूस असताना, आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करायचा, आणि पकडला गेला की गुन्हेगाराची खूण म्हणून हातावर पट्टे गोंदले जायचे. बापाने मुलाला चोर बनवून जगण्यापेक्षा गळफास घेतला. पुढे या मुलाला एका आजारी मुलीची शुश्रूषा करायचं काम मिळालं, त्या घराने त्याला माणसात आणलं, लग्न ठरलं, आणि कुणीतरी विहिरीत विष कालवून ती मुलगी आणि तिचा बाप दोघांना संपवलं. राक्षस झाल्यावर तो हे सगळं विसरला. पण लढताना त्याच्या पायाखाली हिमकणाची आकृती उमटते, आणि ती त्या मुलीच्या केसांतल्या हिमकणाच्या पिनेसारखी असते. मालिकेने ही आकृती आधीपासून दाखवली होती, फक्त तिचा अर्थ सांगितला नव्हता. भाचीला तो अर्थ त्या क्षणी लागला. तो लागावा म्हणून एवढी वर्षं रचना करून ठेवणं, हे चांगल्या लेखनाचं काम आहे.

## परीक्षेचा देव आधी भूत होता

हा विचार जपानमध्ये मालिकांच्या फार आधीपासून आहे. सुगावारा नो मिचिझाने नावाचा एक विद्वान कवी नवव्या शतकात सम्राटाच्या दरबारात वर चढला. विरोधकांनी त्याच्यावर कुभांड रचलं आणि ९०१ मध्ये त्याला राजधानीपासून दूर क्यूशू बेटावर पाठवलं. ९०३ मध्ये तो तिथेच गेला. त्यानंतर राजधानीत रोगराई, दुष्काळ, राजघराण्यात मृत्यू अशी रांग लागली, आणि ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळली. लोकांनी ठरवलं, हा मिचिझानेचा राग आहे.

मग त्यांनी काय केलं? मांत्रिक बोलावून त्याला बाटलीत कोंडलं नाही. त्याची पदं परत दिली आणि क्योतोत त्याचं देऊळ बांधलं. अन्याय झाला हे मान्य केलं. आज तो विद्येचा देव आहे आणि परीक्षेआधी जपानी विद्यार्थी त्याच्यापुढे हात जोडतात.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या समाजाच्या कल्पनेत भूत आणि देव यांच्यात फक्त 'आपण त्याच्याशी कसं वागलो' एवढाच फरक आहे, त्या समाजाच्या भयकथा वेगळ्याच होणार. २०१८ ते २०२४ या काळात चाललेल्या 'जुजुत्सु काइसेन' या मांगात काही बलाढ्य मांत्रिक या मिचिझानेचेच वंशज दाखवलेत. जपानी वाचकाला ते नाव पाहताच हजार वर्षांचा हिशोब आठवतो.

आपला आणि त्यांचा एक धागा खराखुरा जुळलेलाही आहे. बौद्ध धर्माबरोबर आपला यम चीनमार्गे जपानला गेला आणि 'एन्मा' झाला. तो तिथेही मेलेल्यांचा न्याय करतो. त्यामुळे एखाद्या मालिकेत एन्मा हे नाव आलं तर ते परकं समजू नका.

## एका हाताने काढलेली भुतं

योकाईंना घराघरांत नेणाऱ्या माणसाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिझुकी शिगेरू. जन्म १९२२, लहानपण साकाइमिनातो या समुद्रकाठच्या गावात. घरी येणारी एक म्हातारी त्याला योकाईंच्या गोष्टी सांगायची: छतावरचे डाग चाटणारा कोण, रात्री मागून चालत येणारा कोण. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याला न्यू ब्रिटन बेटावर पाठवलं. तिथे हवाई हल्ल्यात डावा हात गेला. परत येऊन त्याने उजव्या हाताने आयुष्यभर चित्रं काढली.

सुरुवातीला तो 'कामिशिबाई'साठी चित्रं काढायचा. सायकलवर लाकडी चौकट बांधून, एकामागून एक चित्र दाखवत रस्त्यावर गोष्ट सांगायची, ही जपानी कला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती लगेच कळेल. तिथूनच त्याचा किटारो आला, स्मशानात जन्मलेला एकडोळ्या पोरगा, जो माणसं आणि योकाई यांच्यातली भांडणं सोडवतो. मिझुकी २०१५ मध्ये गेला. साकाइमिनातोतल्या एका रस्त्यावर आज दीडशेहून अधिक योकाईंचे ब्राँझचे पुतळे आहेत आणि जवळच्या विमानतळाला किटारोचं नाव दिलेलं आहे.

युद्धात खरोखरचं मरण पाहिलेल्या माणसाने भुतं मायेने काढली. त्याने युद्धावरही मांगा लिहिले आणि त्यातली खरी भीती माणसांच्या हुकमांची आहे. आजच्या मालिकांत राक्षसापेक्षा माणूस जास्त घाबरवतो तेव्हा मला मिझुकीची आठवण येते.

## म्यानातून न निघणारी तलवार

चांगली मालिका कोणती हे ओळखायची माझी एक कसोटी आहे, आणि ती मी एका मालिकेतूनच उचलली आहे. २००७ ची 'मोनोनोके', फक्त १२ भागांची. (याच शब्दाचा एक प्रसिद्ध चित्रपट आहे, त्याचा आणि हिचा संबंध नाही.)

यात एक फिरता औषधविक्या आहे. त्याच्याकडे भूत मारायची तलवार आहे, पण ती म्यानातून निघत नाही. निघायला तीन गोष्टी कळाव्या लागतात: भुताचं रूप काय, घडलं काय, आणि ते कुणाच्या मनात का साचलं. एकेक कळलं की मुठीवरचा राक्षसाचा चेहरा दात वाजवतो. तिन्ही कळल्याशिवाय औषधविक्याही हतबल असतो, भूत समोर उभं असलं तरी.

पहिली गोष्ट बघा. पावसाची रात्र, एक गरोदर मुलगी सराईत आसरा मागते. मालकीण नाही म्हणते. मुलगी विनवते, तेव्हा तिला वरची न वापरलेली एक खोली मिळते. रात्री तिला त्या खोलीत लहान मुलं दिसू लागतात. दुसरा कोणी लेखक असता तर मुलं अंगावर धावून आली असती. इथे औषधविक्या प्रश्न विचारत राहतो, आणि मालकिणीच्या तोंडून हळूहळू बाहेर येतं की ही सराई पूर्वी वेश्यागृह होती, आणि तिथल्या बायकांचे गर्भ याच खोलीत पाडले जायचे. ती मुलं सूड घ्यायला आलेली नाहीत. त्यांना जन्माला यायचंय. आणि खोलीत एक आई आली आहे.

हे कळल्यावर तलवार निघते. बघणाऱ्याला ती निघू नये असं वाटतं, आणि तिथेच मालिका जिंकते.

एखादी मालिका सुचवू का नको, असं मनात आलं की मी हेच तपासते. रूप तर सगळ्यांकडे असतं. दात, शिंगं, आतडी काढायला चांगला चित्रकार पुरतो. काय घडलं तेही बहुतेक जण सांगतात. पण ते का साचलं, कुणाचं साचलं, आणि त्यात आजूबाजूच्या साध्या माणसांचा वाटा किती, इथे बऱ्याच मालिका गळतात. अशा मालिकांत अंधार नुसता सजावटीला असतो. त्यात दर भागाला कुणीतरी भयंकर मरतं, आणि आठवड्याने तुम्हाला त्याचं नाव आठवत नाही.

## भुतालाही नियम लागतात

दुसरी गोष्ट जी नव्याने बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: यातल्या अमानवी शक्ती मनमानी नसतात. त्यांना नियम असतात आणि प्रत्येक शक्तीची किंमत असते. सावकाराकडून पैसे घेताना व्याजाचा दर माहीत असावा तसं.

'डेथ नोट' (मांगा २००३ ते २००६) मध्ये एका हुशार विद्यार्थ्याला मृत्यूदेवाची वही मिळते. ज्याचं नाव लिहाल तो मरेल. पण त्याचा चेहरा डोळ्यांसमोर हवा, टोपणनाव चालत नाही, आणि कारण लिहिलं नाही तर ४० सेकंदांत हृदय बंद पडतं. कुणाचंही खरं नाव नुसतं चेहऱ्यावरून वाचण्याची दृष्टी हवी असेल तर तीही मिळते, उरलेलं अर्धं आयुष्य देऊन. नियम इतके काटेकोर असल्यामुळेच सगळी कथा बुद्धिबळासारखी चालते. त्या वहीमुळे मुलगा सैतान होत नाही. त्याच्यात काय होतं तेवढं ती बाहेर काढते.

'हेल गर्ल' (२००५) तर मी ताईला आवर्जून सांगितली, कारण तिच्या मुळाशी एक जपानी म्हण आहे: कुणाला शाप द्यायचा तर खड्डे दोन खणावेत. मध्यरात्री एका संकेतस्थळावर शत्रूचं नाव टाकायचं. एन्मा आय नावाची मुलगी येते आणि गळ्याला लाल दोरा बांधलेली गवताची बाहुली देते. दोरा सोडला की शत्रू नरकात. पण तुम्ही मेलात की तुम्हीही तिथेच. आपण म्हणतो, दुसऱ्यासाठी खड्डा खणला की आपणच त्यात पडतो, म्हणजे आपल्या म्हणीत डाव फसतो. जपानी म्हणीत तो फसत नाही. शाप लागतो, शत्रू जातो, आणि दुसरा खड्डा तुमची वाट बघत राहतो. छळाने पिचलेली शाळकरी मुलगी बाहुली हातात घेऊन बसते, तेव्हा तिने दोरा सोडावा की नाही, हे तुम्हाला तिच्या वतीने ठरवता येत नाही.

नव्या मालिकांनी हेच आजच्या काळात आणलंय. 'जुजुत्सु काइसेन'मध्ये शाप माणसांच्या वाईट भावनांतून साठून जन्मतात, आणि म्हणून शाळा आणि इस्पितळं ही त्यांची आवडती घरं. ज्याने दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या आवारात उभं राहून पोट आवळल्याचा अनुभव घेतलाय त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. 'चेनसॉ मॅन'मध्ये प्रत्येक सैतानाला एखाद्या भीतीचं नाव आहे. लोक जितके त्या गोष्टीला घाबरतात तितका तो ताकदवान. टोमॅटोचा सैतान किरकोळ, बंदुकीचा महाभयंकर. आणि नायक? बापाचं कर्ज डोक्यावर घेतलेला पोरगा, ज्याने फेडीसाठी स्वतःचं मूत्रपिंडही विकलंय आणि ज्याचं स्वप्न आहे पावाला जाम लावून खायचं. कर्जाच्या ओझ्याखाली माणूस काय काय विकतो, हे मराठी वाचकाला परकं नाही.

## पान उलटण्याची भीती

मांगाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सिनेमात दिग्दर्शक तुम्हाला दचकवतो. पुस्तकात पान तुम्हीच उलटता. जुन्जी इतो हा भयकथांचा चित्रकार (आधी तो दातांच्या कवळ्या, साचे बनवणारा तंत्रज्ञ होता) याचा पुरेपूर वापर करतो. डाव्या पानावर शेवटच्या चौकटीत एक पात्र काहीतरी पाहून थबकतं. काय पाहिलं ते पान उलटल्यावर. हात तुमचा, निर्णय तुमचा. 'उझुमाकी'मध्ये एका गावाला चक्राकार वळणाचं वेड लागतं: शंख, केस, धूर, कान. ती वाचून झाल्यावर पुढचे काही दिवस मला चहात साखर ढवळताना मधला भोवरा दिसत राहिला.

## "पण एवढं रक्त कशाला?"

ताईचा हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. या मालिकांत हिंसा आहे, काहींत फार आहे, आणि काहींत लैंगिक हिंसाही आहे. 'बर्सर्क' आणि 'डेव्हिलमन क्रायबेबी' ही मोठी कामं आहेत, पण ती निव्वळ प्रौढांसाठी आहेत. 'चेनसॉ मॅन' मी सोळाच्या आधी देणार नाही. 'डीमन स्लेयर' तेरा-चौदाच्या मुलांना, शक्यतो घरातलं कुणीतरी बरोबर बसून. प्लॅटफॉर्मवर वयाचा आकडा लिहिलेला असतो. तो वाचा आणि त्यावर भिस्त न ठेवता पहिले दोन भाग स्वतः बघा.

पण हिंसा किती आहे यापेक्षा तिच्यानंतर काय होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'डीमन स्लेयर'च्या सुरुवातीलाच नायक तांजिरो एका प्रचंड राक्षसाचं मुंडकं उडवतो. त्या राक्षसाच्या अंगभर हात गुंडाळलेले असतात. मरताना राक्षसाला आठवतं, लहानपणी अंधारात तो भावाचा हात धरायचा. विरघळत चाललेला एक हात पुढे येतो. तांजिरो तो हात दोन्ही हातांत धरतो आणि याला पुढच्या जन्मी राक्षस करू नकोस अशी प्रार्थना करतो. ज्याच्या गुरूच्या कितीतरी शिष्यांना या राक्षसाने खाल्लंय, तोच हे करतो. असा क्षण नसलेला रक्तपात मी कुणाला सुचवत नाही.

## "यातून अंधश्रद्धा वाढत नाही का?"

ज्या राज्याने २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, आणि तो होण्याआधी माणसं गमावली, तिथे हा प्रश्न विचारायलाच हवा. अंधश्रद्धा माणसाला सांगते: तुझ्या दुःखाचं कारण ती बाई, ती चेटकीण, तो शेजारी, पैसे आण, मी बंदोबस्त करतो. मी ज्या मालिकांबद्दल बोलते आहे त्या उलट दिशेने जातात. त्यांतलं भूत बहुतेकदा सांगतं की कारण तुमच्याच घरात, तुम्हीच न बोललेल्या गोष्टीत आहे. 'पॅरासाइट' या जुन्या मांगात तर मुलाच्या हातात शिरलेला परजीवी 'राक्षस' हा शब्द अभ्यासतो आणि त्याचं म्हणणं पडतं की या वर्णनाच्या सर्वांत जवळ माणूसच येतो.

तरीही, भुतांच्या गोष्टींनी रात्र रात्र झोप न येणारं मूल असेल तर त्याला हे दाखवू नका. प्रत्येकाने सगळं बघितलंच पाहिजे असं मुळीच नाही.

## कुठून सुरू करावं

हजार भागांच्या मालिकेला घाबरून कुणी मागे फिरू नये. 'मोनोनोके' १२ भागांची, 'पॅरासाइट' २४, 'डेथ नोट' ३७.

मुलांबरोबर बघायचं असेल तर 'नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स'. पोरक्या मुलाला आजीची एक वही मिळते. आजीने लढतीत हरवलेल्या योकाईंची नावं त्यात डांबून ठेवलेली असतात, आणि नातू एकेकाला त्याचं नाव परत देत जातो. नाव परत देताना त्याला त्या योकाईची आठवण दिसते. दहा वर्षांच्या मुलालाही हे कळतं, आणि मोठ्यांना त्यात घाटावरचा कावळा दिसेल.

आणि स्वतःसाठी, एकट्याने, रात्री: 'मुशिशी', २००५, २६ भाग. इथे राक्षसही नाहीत. 'मुशी' म्हणजे धड प्राणी नाही, धड वनस्पती नाही, असे सजीवतेच्या अगदी मुळाशी असलेले जीव. गिंको नावाचा माणूस गावोगाव फिरतो आणि त्यांच्यामुळे आजारी पडलेल्यांना वैद्यासारखं तपासतो, विचारतो, टिपून ठेवतो, कधी चुकतोही.

तिसरा भाग आधी बघितला तरी चालेल. बर्फात गाडलेलं गाव. बर्फ आवाज गिळतो, आणि त्या शांततेत कानात शिरून आवाज खाणारे मुशी येतात. एका लहान मुलाच्या कपाळावर छोटी शिंगं उगवलीत आणि त्याला न थांबणारे आवाज ऐकू येतात. त्याची आई याच आजाराने गेली. ती शेवटी कान हातांनी झाकून बसायची. सगळ्यांना वाटायचं, आवाज सहन होत नाहीत म्हणून. मुलाला आठवतं, आई त्याला एकदा म्हणाली होती की हातांतून एक आवाज येतो, ज्वालामुखीच्या लाव्ह्यासारखा. उपाय तोच निघतो.

आपले दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बघा. खोल, दूर, काहीतरी घरघरत असल्यासारखा आवाज येतो. भाचीने आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून तो ऐकला, आणि मग जाऊन ताईच्या कानांवर आपले हात ठेवले.